फोन घ्यावा की मोबाइल?



गेल्या महिन्यात एका गुरुवारी आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि दारात चपला शोधता शोधता राजेंद्रनगरच्या एक काकू आम्हाला म्हणाल्या, "मला एक सांगा, मी आता फोन घेऊ की मोबाइल?"

आम्ही हसलो. दोन्ही एकच ना हो काकू! पण त्या हसल्या नाहीत. त्यांच्या हिशोबात बटनांचा असतो तो फोन आणि काचेचा असतो तो मोबाइल. त्यांचा जुना मोबाइल फुगून बंद पडला होता. मुलगा बेंगळुरूहून नवा पाठवणार होता, त्याआधी त्यांना ठरवायचं होतं. घरी येऊन चहा घेताना आमच्या लक्षात आलं की काकूंनी केलेला भेद अगदी बरोबर आहे, आपणच तो विसरून गेलो आहोत. काकूंना विचारून हे लिहितो आहोत. "लिहा, पण नाव घालू नका," म्हणाल्या.

मुळात या दोन वेगळ्या वस्तू होत्या. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल, पुण्याला किंवा मुंबईला बोलायचं तर रात्री जेवणं उरकून एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली रांग लावायची, कारण उशिरा दर कमी. आत काचेच्या खोलीत लाल आकडे पळत असायचे, आणि बोलणारा त्या आकड्यांकडे बघत "बाकी सगळं ठीक, ठेवतो" म्हणायचा. 31 जुलै 1995 ला कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी देशातलं पहिलं मोबाइल बोलणं केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आलेल्या फोनलासुद्धा पैसे पडायचे, म्हणून आपण मिस्ड कॉल देत होतो. 2003 मध्ये येणारे फोन फुकट झाले. त्याच वर्षी नोकियाचा 1100 आला. धूळ बसू नये असं रबराचं बटनपाट, वर टॉर्च, आणि एकदा चार्ज केला की दिवसेंदिवस चालायचा. जगभरात त्याचे पंचवीस कोटींच्या वर नग विकले गेले. त्याला एकच काम नीट यायचं, माणसाचा आवाज माणसापर्यंत पोचवणं.

दुसरीकडे खिशातला संगणक वेगळ्या वाटेने येत होता. पाम कंपनीची छोटी पाटी 1996 ची. तिच्यावर काडीने लिहायचं, पत्ते ठेवायचे, भेटींच्या वेळा ठेवायच्या, पण फोन करता यायचा नाही. त्याच वर्षी नोकियाने पुस्तकासारखा उघडणारा कम्युनिकेटर काढला, बाहेरून फोन आणि आत संगणक. मग बरीच वर्षं कारखानदारांमध्येच दोन पंथ होते. एक म्हणायचा, आधी फोन, त्यात थोडं थोडं बाकीचं घाला. दुसरा म्हणायचा, आधी संगणक, त्याला बोलण्याची सोय जोडा. पहिल्याला एका हाताने नंबर लावता आला पाहिजे आणि बॅटरी टिकली पाहिजे. दुसऱ्याला पडदा मोठा पाहिजे. 9 जानेवारी 2007 ला स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला तेव्हा त्यांनीही व्यासपीठावरून सांगितलं होतं की याचं मुख्य काम फोन करणंच आहे. पुढच्या वर्षी, जुलै 2008 मध्ये, अॅपचं दुकान उघडलं आणि तो वाद संपला. संगणक जिंकला. नाव मात्र फोनचंच राहिलं.

नावाची ही गफलत साधी नाही. आपण आईला "फोन" घेऊन देतो असं म्हणतो आणि तिच्या हातात बाजार, बँक, सिनेमा, वर्तमानपत्र, पत्त्यांचा डाव आणि चारशे माणसांची वर्दळ ठेवतो.

आता काकूंचं. चातुर्मासातली गोष्ट. काकू एकट्या राहतात, घरचा तारेचा फोन कधीच काढून टाकलाय. रात्री झोप येईना म्हणून त्या मोबाइलवर कीर्तन लावून पडल्या. ऐकता ऐकता डोळा लागला. कीर्तन संपलं, दुसरं आपोआप सुरू झालं, मग तिसरं. मध्यरात्री कधीतरी बॅटरी संपून मोबाइल गप्प झाला. देवासला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या छातीत दुखू लागलं ते साधारण साडेबाराला. भाच्याने चार वेळा फोन लावला. मावशी गाडीत बसतानाही "ताईला लाव, ताईला लाव" म्हणत होत्या. त्यांना इंदूरलाच आणलं, काकूंच्या घरापासून तीन किलोमीटरवर. काकूंना कळलं सकाळी सात वाजता. तोवर मावशींच्या घशात नळी होती. पाचव्या दिवशी त्या गेल्या. मधल्या दिवसांत बोलल्या नाहीत.

ते कीर्तन आम्हीच गटात पाठवलं होतं. काकूंनी हे आम्हाला सांगितलं नाही, आम्हीच तारीख जुळवून पाहिली.

ही गोष्ट पुढच्या गुरुवारी चार जणांत निघाली. एक ज्येष्ठ साधक म्हणाले, यात यंत्राचा काय दोष? चार्जिंगला लावून झोपायचं. बटनाच्या फोनचीसुद्धा बॅटरी संपतेच की. विवेक आपल्याला पाहिजे, वस्तू बदलून काय होणार? त्यांचं म्हणणं ऐकायला भारदस्त आहे आणि आपल्या कानांना सवयीचंही. सगळं मनावर आहे, असं म्हटलं की सत्संगात माना डोलतात. आमचीही डोलली.

पण नंतर विचार केला तेव्हा ते पटेना. त्या यंत्राच्या आत बोलण्याचं काम सांभाळणारा भाग वेगळा असतो आणि बाकी सगळं चालवणारा वेगळा. जणू एका छपराखाली दोन बिऱ्हाडं. बॅटरी मात्र दोघांत एकच. एका बिऱ्हाडात रात्रभर दिवे जळत राहिले की दुसऱ्याच्या वाट्याला अंधार. मावशींचा आवाज ज्या बॅटरीवर यायचा होता ती कीर्तनाने खाल्ली. हा काही काकूंच्या मनाचा दुबळेपणा नव्हता. एक संपलं की पुढचं आपोआप लागावं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे, आणि माणूस झोपला तरी ते थांबत नाही. रात्री दहा वाजता सराफ्यात उभं राहून, समोर भुट्ट्याचा कीस आणि गरम जिलबी असताना, एकादशी मोडली तर मन कच्चं म्हणावं हे खरं. पण रोज रात्री आपण होऊन सराफ्यातच अंथरूण घालायचं आणि मग मनाची परीक्षा घ्यायची, याला विवेक कसं म्हणायचं? कुठे उभं राहायचं हे ठरवणं हाही विवेकाचाच भाग आहे, आणि आमच्या मते तो जास्त सोपा भाग आहे.

कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला फरक सांगतो हे आपण बऱ्याचदा ऐकलं आहे. म्हणून चटकन असं म्हणावंसं वाटतं की बटनाचा फोन म्हणजे श्रेय आणि काचेचा मोबाइल म्हणजे प्रेय. सोपं झालं, निरूपण संपलं! पण असं नाही हो. काकूंचा नातू कॅनडात आहे. दर रविवारी तो त्यांना पडद्यावर आपले पडलेले दात दाखवतो. ते कुठल्या खात्यात टाकायचं? काकांच्या मागे त्यांना फॅमिली पेन्शन मिळते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आता घरी बसून मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. गुडघे दुखत असताना बँकेत जाऊन रांगेत उभं राहणं यात कसलं तप? आपल्याच मंडळातला एक मुलगा दिवसभर मोटरसायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो. त्याची भाकरी त्या पडद्यावर येते. त्याला "साधा फोन वापर, मन शांत होईल" म्हणणं म्हणजे सुताराला रंधा टाकून दे म्हणण्यासारखं आहे. आणि असं म्हणणारे बहुतेक जण निवृत्त असतात, ज्यांच्या घरी दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर गॅसचा नंबर लावलेला असतो. आम्हीही त्यांतलेच.

तेव्हा कोणती वस्तू चांगली, या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. आपल्याला बोचला तो दुसराच प्रश्न. काकूंच्या बाबतीत ठरवायचं कुणी?

मुलगा म्हणाला, "आईला कशाला नवीन? तिला झेपत नाही, बटनाचा द्या." सून म्हणाली, "अहो, त्या एकट्या पडतील, मोठाच द्या." दोघांनाही माया आहे, त्यात शंका नाही. पण दोघं काकूंबद्दल बोलत होते, काकूंशी नव्हे. आपण लहान मुलांच्या हातातून मोबाइल काढून घेतो, तसाच म्हाताऱ्यांच्या हातात देतो किंवा काढतो, आणि दोन्ही वेळा आपल्या सोयीने. मुलाला आईच्या चुकीच्या बटनाने पैसे जाण्याची भीती वाटते, सुनेला रविवारचा व्हिडिओ कॉल हवा असतो. आणि आम्हाला? इथे आम्हाला स्वतःचं सांगणं भाग आहे. काकूंनी आमचं मत विचारलं तेव्हा आम्ही लगेच म्हणालो, "मोबाइलच घ्या काकू, नाहीतर आपलं हे पत्रक तुमच्यापर्यंत कसं येणार?" म्हणजे बहिणीचा फोन जिला मिळाला नाही तिला आम्ही आमच्या पत्रकाची काळजी सांगत होतो. वाचणारांचा आकडा एकाने कमी झाला असता, एवढंच आमचं नुकसान होतं. सेवा म्हणून जे चाललेलं असतं त्यात हा आकडा कधी शिरून बसतो, कळत नाही.

मग आम्ही एक दिवस मोजून पाहिलं. आपल्या मुख्य गटात सकाळी पाच ते रात्री अकरापर्यंत एकशे बारा संदेश आले. त्यात सुप्रभात, फुलं आणि त्याच त्या चित्रांचे एकसष्ट. उपासनेची वेळ बदलल्याचा निरोप सत्त्याऐंशीव्या नंबरवर होता. तो न वाचल्यामुळे चार जण चुकीच्या वेळी येऊन परत गेले. कामाचा संदेश एक, आणि तोही पोचला नाही.

यावर आता गटात गुरुवारी एक पत्रक आणि गरज पडली तर एक निरोप, एवढंच ठेवावं असं आम्ही सुचवलं. सगळ्यांना पटलेलं नाही. एका ताईंचं म्हणणं विचार करायला लावणारं आहे. त्या म्हणाल्या, "सकाळी सुप्रभात आलं नाही की मला कळतं कुणाची तब्येत बरी नाही. तुम्ही बंद केलंत तर कसं कळणार?" आम्ही म्हणालो, फोन लावून विचारायचं. त्या म्हणाल्या, "फोन कोण लावतं हल्ली? फोन आला की लोक घाबरतात." हे खरं आहे. आपल्या घरांत अवेळी फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं. बोलणं इतकं कमी झालंय की बोलावणं आलं म्हणजे काहीतरी वाईटच असणार, असं धरून चालतो. त्या ताईंना आमच्याकडे अजून उत्तर नाही, म्हणून तो विषय पुढच्या गुरुवारवर ठेवला आहे.

काकूंनी मात्र कुणाची वाट पाहिली नाही. त्या भाच्याला घेऊन राजवाड्याकडे गेल्या आणि स्वतःच्या पैशांनी बटनांचा एक फोन घेऊन आल्या, नव्या नंबरचा. मुलाने पाठवलेला मोबाइलही त्यांनी ठेवला आहे, जुन्या नंबरसकट. पण तो स्वयंपाकघरात फळीवर असतो. रविवारी नातवासाठी, नोव्हेंबरात पेन्शनसाठी आणि दुपारी तासभर कीर्तनासाठी खाली उतरतो. बटनाचा फोन उशाशी. तो चार-पाच दिवसांतून एकदा चार्जिंगला लागतो. त्यावर बोटं थरथरली तरी नंबर लागतो, असं त्या म्हणतात. दोन वस्तू घेऊन फिरणं म्हणजे पुन्हा परिग्रह वाढला, असं एकजण म्हणाले. काकूंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "देवघरातली समई आणि अंगणातला दिवा एकच असतो का?"

तो नवा नंबर त्यांनी अकरा जणांना दिला आहे. मुलगा, सून, कॅनडातली मुलगी, दोन्ही भाचे, शेजारी, डॉक्टर, आणि असेच आणखी काही. कागदावर नावं लिहून त्यांनी यादी केली होती, ती आम्हाला दाखवली. त्यात आपल्या मंडळातल्या फक्त एका मावशी आहेत, ज्या त्यांना रिक्षाने उपासनेला घेऊन येतात. आम्ही म्हणालो, "काकू, आमचं नाव?"

"तुमचं मोबाइलवर आहे की," म्हणाल्या.