विचारलंस का त्याला?

केसपेपरवर काय लिहिलंस ते मोठ्याने वाच. ‘रुग्ण गोळ्या घेत नाही.’ का घेत नाही, हे विचारायचं काम तुझं होतं.

नुकतंच लग्न झालेला माणूस. नैराश्यातून वर येत होता, झोप लागत होती, कामावर जायला लागला होता. पॅरॉक्सेटिन सुरू झालं आणि महिन्याभरात वीर्यस्खलन होईनासं झालं. बायकोलाही बोलला नाही. आपल्यातच काही खोट आहे असं समजून त्याने गोळ्या एकदम बंद केल्या. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर उतरतं. मग चक्कर, मळमळ, चिडचिड, आणि नैराश्य पुन्हा दारात. आणि तू म्हणतोस, ‘सर, त्याच्या मनाचे खेळ आहेत.’

मनाचे खेळ? व्हायवात तूच मला घडाघडा सांगितलं होतंस! ही गोळी सेरोटोनिन परत शोषू देत नाही. ते पेशींमधल्या फटीत साठतं आणि कुठल्या रिसेप्टरवर बसायचं हे आपल्याला विचारत नाही. ५-एचटी२ गटातल्या रिसेप्टरांवर बसलं की डोपामिन दबतं, इच्छा ओसरते. मेंदूच्या देठातून कमरेच्या मज्जारज्जूकडे उतरणारे सेरोटोनिनचे तंतू स्खलन रोखून धरतात, तो लगाम आणखी आवळला जातो. शीघ्रपतनावर आपण डॅपॉक्सेटिन देतो ते याच गुणासाठी. तिथे तो औषधाचा गुण, आणि इथे रुग्णाचा भ्रम? हे शिकून तू केलंस काय?

‘त्याने सांगितलंच नाही’ ही सबब माझ्यापुढे आणू नकोस. स्पेनमधल्या मोंतेहो आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिलं आहे: अशा गोळ्या घेणाऱ्यांत आपणहून लैंगिक तक्रार सांगणारे १४ टक्के, थेट विचारल्यावर ५८ टक्के. ओपीडीत मागे रांग, शेजारी भाऊ उभा, तुझी मान कागदात. अशा वेळी कुठला पुरुष तोंड उघडेल? लाज त्याला वाटणं समजू शकतो. तुला वाटणं मला मान्य नाही.

आणि उपाय नाहीत असंही नाही. डोस कमी करता येतो, बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनवर नेता येतं, काहींना सिल्डेनाफिलने फरक पडतो. काहींमध्ये औषध थांबवल्यावरही त्रास उरतो. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१९ मध्ये अशा औषधांच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालायला सांगितला. म्हणजे सुरुवातीलाच बोलायला हवं होतं. नैराश्यही इच्छा मारतं. गोळीआधी काय स्थिती होती हे नोंदवलं नाहीस, तर नंतर दोष कुणाचा हे कसं ठरवणार?

आज त्याला फोन कर. एकट्याला बोलाव, दार लावून घे आणि सरळ विचार. यापुढे ही गोळी लिहिलेल्या ज्या केसपेपरवर या प्रश्नाची नोंद नसेल, त्यावर माझी सही होणार नाही.