देवभात आणि तण

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून पाणथळीत आपोआप उगवलेला देवभात शोधून आणतात. हा रानटी भात, आपल्या भाताच्या पूर्वजकुळातला. पण हाच लावणीच्या भातात दिसला की तो तण ठरतो आणि उपटला जातो.

तण म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न भाताच्या मुळांशी गेल्यावर आणखी अवघड होतो. भाताची मुळं मोमिलॅक्टोन बी नावाचं रसायन मातीत सोडतात आणि त्याने शेजारच्या रोपांची वाढ खुंटते. 'मोमी' म्हणजे जपानीत भाताचं तूस. १९७३ मध्ये ते तुसातच पहिल्यांदा सापडलं. रानटी भातांतही ते बनवणारी जनुकं आहेत, म्हणजे ही विद्या शेतीपेक्षा जुनी. शेजारी पाखड उगवलं की भात हे रसायन जास्त सोडतो. पाखड म्हणजे भातातलं सगळ्यांत चिवट गवत. २०१७ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तर त्यातही मोमिलॅक्टोनची जनुकं निघाली!

भाताने सोडलं तर आपण त्याला 'नैसर्गिक संरक्षण' म्हणतो आणि पाखडाकडे तेच असलं तर 'आक्रमण'. (त्याच पाखडाचा जवळचा नातलग सावा लोक मुद्दाम पेरून खातात, ते वेगळंच.) मला यात ढोंग वाटत नाही. जेवायचं तर बाजू घ्यावीच लागते. खटकतं ते एवढंच, की बाजू आपण घेतो आणि दोष गवताच्या स्वभावाला चिकटवतो.

आता तण दाबण्याची ही ताकद भाताच्या वाणांत वाढवायचे प्रयत्न चालू आहेत. तणनाशकांची फवारणी कमी झाली तर उत्तमच. पण बेणणी करतं कोण? बहुतेक बायकाच, गुडघाभर चिखलात, दिवसभर वाकून. ते वाकणं थांबावं असं कोणालाही वाटेल. मात्र त्या वाकण्याचीच मजुरी मिळते आणि ती गेल्यावर त्या घरात दुसरं काय येणार, हे वाण तयार करणाऱ्याला कोणी विचारत नाही. मला वाटतं, हा प्रश्न वाणाच्या आधी यायला हवा.

शिवाय भाताला स्वतःच्या रसायनाचा फारसा त्रास होत नाही. मग देवभात तरी त्याने कसा दबेल? तो ओंबी येईपर्यंत हुबेहूब भातासारखाच दिसतो. त्याला ओळखून उपटायला बेणणीवालीचीच नजर लागते.