अग्राह्य पुरावा

‘न्यायालयाने पुरावा ग्राह्य धरला नाही’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांत दोन निराळ्या अर्थांनी छापले जाते आणि वाचकाला त्यांतला फरक सहसा कळत नाही. साक्षीदाराच्या सांगण्यावर न्यायाधीशांचा विश्वास बसला नाही, तर तो पुरावा अविश्वसनीय ठरतो, म्हणजे तो तोलला गेला आणि हलका भरला; पण जो पारड्यात घालण्यालाच कायद्याची मनाई आहे तो अग्राह्य, मग तो अक्षरशः खरा का असेना. व्यवहारातल्या ‘ग्राह्य’ला पटण्याजोगा अशी छटा आल्यामुळे हा घोटाळा होतो, कायद्याच्या परिभाषेत मात्र मूळ धातूचा ‘घेणे’ एवढाच अर्थ उरला आहे.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 25 ने तो आरोपीविरुद्ध वापरण्यास मनाई केली, त्यामागे मजकुराच्या खरेखोटेपणापेक्षा तो कसा मिळवला जातो याची धास्ती होती; 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्येही ती मनाई कायम आहे. जुन्या कलम 27 चा अपवाद तर एकाच वाक्याचे दोन तुकडे करतो: ‘ज्या सुऱ्याने भोसकले तो छपरात लपवला आहे’ असे आरोपीने सांगितले आणि सुरा तेथे सापडला, तर पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने घालून दिलेल्या नियमानुसार लपवल्याचे विधान पुराव्यात येते, भोसकल्याचे गळते. मेमोरँडम पंचनाम्यात हे दोन्ही भाग पंचांच्या सह्यांनिशी सलग लिहिलेले असले, तर न्यायाधीशांच्या नजरेखालून दोन्ही जातात आणि वाचलेले विसरण्याची अपेक्षा कायदा त्यांच्याकडून करतो; ती कितपत पुरी होते हे निकालपत्रावरून कळणे अवघडच.

अमेरिकेत बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा आणि त्याच्या धाग्याने पुढे हाती लागलेला पुरावाही सामान्यतः बाद होतो; या दुसऱ्याला तेथे ‘विषवृक्षाचे फळ’ म्हणतात. भारतीय न्यायालयांनी हे झाड आपल्या अंगणात लावले नाही. मुंबईच्या कोरोनरविरुद्धच्या मलकानी खटल्यात पोलिसांनी दूरध्वनीवरील संभाषण ध्वनिमुद्रित केले होते. बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती असल्याने तारकायद्याचा भंग झालाच नाही, असे म्हणूनही सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली पुढे स्पष्ट केले की, पुरावा बेकायदा मिळवला एवढ्यावरून तो अग्राह्य ठरत नाही. परिणामी पोलीस ठाण्यात खुशीने दिलेला खरा कबुलीजबाब बाहेर राहतो, आणि चोरून आणलेले पत्र संबद्ध व शाबीत असले तर निशाणी क्रमांक घेऊन दप्तरात बसते.