कळसाचं दर्शन पुरेसं असतं

द्राक्षांचा हंगाम आवरला, मुलांच्या परीक्षा संपल्या की पंढरपूर तालुक्यातल्या आमच्या करकंबमध्ये सुट्टीचे बेत सुरू होतात. पूर्वी ते कोकणात नाहीतर गोव्यात जाऊन थांबायचे. आता अंदमानचं नाव निघतं. कुर्डुवाडीला चेन्नईची गाडी पकडायची आणि पुढे विमान. सवड असेल तर चेन्नईहून तीनेक दिवसांचा जहाजाचा प्रवास. घरातल्या थोरांना सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी पाहायची असते. पोरांना त्याच्याही पुढे जायचं असतं. रिसॉर्टमध्ये लोळायला एवढ्या लांब कशाला जायचं, जिथं कुणी जात नाही तिथं जाऊ, असं ती म्हणतात.

ही ओढ मला मनापासून आवडते. विकत घेतलेल्या सुखापेक्षा चालून, भिजून, दमून मिळालेलं सुख माणसाला घडवतं. पण ‘जिथं कुणी जात नाही’ असं म्हणताना एक प्रश्न आधी विचारायला हवा. तिथं कुणी राहतं का? आणि राहत असेल, तर आपण यावं असं त्याला वाटतं का?

पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. तिथून पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर नॉर्थ सेंटिनेल नावाचं बेट आहे. तिथले लोक बाहेरच्या माणसाला किनाऱ्यावर उतरू देत नाहीत, आणि १९५६च्या आदिवासी संरक्षण नियमावलीने आपल्यालाही तिथं जायला मनाई केली आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये जॉन ॲलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकी तरुण धर्मप्रसारासाठी चोरून तिथं गेला आणि मारला गेला. त्याने मच्छीमारांना २५,००० रुपये देऊन रात्रीच्या अंधारात बोट नेली होती. पुढे त्याला मदत करणाऱ्या सात जणांना अटक झाली. त्याच्या धाडसाची किंमत अशी दुसऱ्यांच्या घरांनीही मोजली. मार्च २०२५मध्ये आणखी एक अमेरिकी तरुण त्याच किनाऱ्यावर उतरला. वाळूत एक नारळ आणि शीतपेयाचा डबा ठेवून, चित्रीकरण करून तो परतला आणि दोन दिवसांनी पकडला गेला. त्याच्या जिवाला काही झालं नाही. पण त्या डब्याबरोबर तिथं कुठला आजार पोचू शकला असता, हे ना त्याला ठाऊक होतं, ना बेटावरच्यांना.

सेंटिनेलींनी दार लावून घेतलं त्याला कारण आहे. १८८०मध्ये मॉरिस पोर्टमन हा ब्रिटिश अधिकारी फौजफाटा घेऊन त्या बेटावर उतरला आणि एक वृद्ध जोडपं व चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला घेऊन आला. सगळे आजारी पडले. म्हातारा-म्हातारी गेली. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आलं. ती मुलं बेटावर काय सांगत मोठी झाली असतील, याची कल्पना आपण करू शकतो. शेजारच्या ग्रेट अंदमानी लोकांचं त्याहून वाईट झालं. १८५८मध्ये इंग्रजांनी कैद्यांची वसाहत उभारली तेव्हा ते काही हजार होते. १८७७ची गोवराची साथ, बाहेरून आलेले इतर रोग आणि व्यसनं यांनी त्यांना संपवत आणलं. आज ते जेमतेम पन्नासेक उरले आहेत. जानेवारी २०१०मध्ये त्यांच्यातली बोआ नावाची आजी वारली आणि ‘बो’ ही भाषा बोलणारं शेवटचं माणूस गेलं.

सेंटिनेलवर आपल्यापैकी कुणी जाणार नाही, हे खरं. आपली परीक्षा दुसऱ्या ठिकाणी होते, आणि तीही अगदी कायदेशीर तिकीट काढून. पोर्ट ब्लेअरहून उत्तरेला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा बनतो. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचं नाही, असं बजावून तो सोडला जातो. प्रवाशांना बाराटांगची चुनखडीची गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहायचा असतो. पण गाडीतल्या बऱ्याच नजरा रस्त्याच्या कडेला खिळलेल्या असतात: एखादा जारवा दिसतोय का? २०१२मध्ये जारवा बायकांना खाण्याचं आमिष दाखवून नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर पसरली. जंगलातला वाघ बघायला जावं तसं माणसांना बघायला जाणं आपल्यातल्याच लोकांनी चालवलं होतं.

हा रस्ता थांबावा म्हणून जे झगडले त्यांत पुण्याची ‘कल्पवृक्ष’ आणि मुंबईची ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ या आपल्याकडच्या संस्था होत्या. मे २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जारवांच्या भागातून जाणारा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. तरी त्यावरून गाड्या धावत राहिल्या, कारण त्यांना प्रवासी मिळत राहिले. ते प्रवासी आपण असतो. म्हणूनच हा प्रश्न सरकारवर ढकलून मोकळं होता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, बंद दारांचं एवढं कौतुक कशाला? आपल्याच पंढरपुरात सानेगुरुजींनी मे १९४७मध्ये उपोषण केलं, ते अस्पृश्य मानलेल्यांसाठी विठ्ठलमंदिराचं दार उघडावं म्हणूनच ना? खरं आहे, आणि त्या उपोषणाचं मोल आम्हा पंढरपूर तालुक्यातल्या माणसांना कुणी सांगायला नको. पण दोन दारांत फरक करायला हवा. विठ्ठलाचं दार ज्यांच्यासाठी बंद होतं, त्यांचा त्या देवावर इतरांइतकाच हक्क होता. दुसऱ्यांनी ते बळाने अडवून धरलं होतं. सेंटिनेलचं दार त्या घरात राहणाऱ्यांनी स्वतः, स्वतःच्या जिवासाठी लावलेलं आहे. दार कुणाचं आणि ते कुणी लावलं, हे पाहिल्याशिवाय ते उघडण्याची भाषा करू नये. दुर्बळाला बाहेर ठेवणारं दार उघडायचं असतं. दुर्बळाने स्वतःच्या रक्षणासाठी लावलेल्या दारासमोर थांबायचं असतं.

थांबण्यात कमीपणा नाही, हे वारीने आपल्याला कधीच शिकवलं आहे. आषाढीला दर्शनाची रांग हाताबाहेर गेली की शेकडो मैल चालून आलेला वारकरी नामदेव पायरीला डोकं टेकवतो, कळसाला हात जोडतो आणि गावाकडे वळतो. आपली वारी अपुरी राहिली असं तो म्हणत नाही. अंदमानात फिरताना हीच वृत्ती बरोबर न्यावी असं मला वाटतं. जे पाहिलं नाही तेही आपल्या प्रवासाचा भाग असतं, आणि ते न पाहता परतलेला माणूस काही गमावून आलेला नसतो.

सेल्युलर जेलकडे जाणाऱ्या मराठी माणसाला तर हे अधिकच कळायला हवं. १९११ ते १९२१ सावरकर अंदमानात होते. त्या कोठडीपुढे आपण डोळे पुसतो, कारण परक्या सत्तेने कुणाच्या आयुष्याचा ताबा घ्यावा हे आपल्याला सहन होत नाही. त्याच शहरात ॲबर्डीनला मे १८५९मध्ये ग्रेट अंदमानी लोकांनी धनुष्यबाण घेऊन इंग्रजांच्या बंदुकांशी लढाई केली होती. तिचं स्मारक तिथं आहे. आपल्या सहलींच्या कार्यक्रमात ते क्वचितच असतं. कोठडीतल्या स्वातंत्र्यवीरापुढे सकाळी हात जोडायचे आणि दुसऱ्या दिवशी जारवांच्या जंगलात त्यांच्या मनाविरुद्ध डोकवायचं, या दोन गोष्टी एका मनात बसत नाहीत. स्वातंत्र्य मोठं मानायचं असेल तर दुसऱ्याचं, अनोळखी माणसाचं, आपल्यासारखं न जगणाऱ्याचंही मोठं मानावं लागतं.

मग धाडसी सुट्टीचं काय? ती खुशाल करावी. ट्रंक रोड टाळून सरकारी बोटीने लाँग आयलंडला किंवा रंगतला जाता येतं. उत्तरेला दिगलीपूरजवळ ७३२ मीटर उंचीचं सॅडल पीक आहे, अंदमानातलं सगळ्यांत उंच शिखर; दमट हवेत, घनदाट जंगलातून ते चढताना भल्याभल्यांची दमछाक होते. कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. तिथं दिवे विझवून, आवाज न करता उभं राहावं लागतं. मायाबंदरच्या परिसरात १९२५पासून ब्रह्मदेशातून आलेले करेन लोक वसले आहेत. त्या बाजूला बंगाली आणि छोटा नागपूरकडच्या कुटुंबांचीही गावं आहेत. या लोकांकडे जा, त्यांच्याकडे राहा, त्यांचा वाटाड्या घ्या, ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. शिंपले आणि प्रवाळ उचलून आणू नका. बोट रद्द झाली तर खवळलेल्या समुद्रात जायला कुणा कोळ्याला पैशाची भुरळ घालू नका. एवढं सांभाळूनही थरार काही कमी पडत नाही.

बेत आखताना आपण कागदावर ठिकाणांची यादी करतो. यंदा त्याच कागदावर दुसरी यादीही करू या: कुठं जायचं नाही आणि का. ती घरातल्या मुलांकडूनच लिहून घ्यावी, आणि टूरवाल्याकडे पैसे भरण्याआधी त्याला वाचून दाखवावी. त्याच्या कार्यक्रमात जारवांच्या जंगलातला रस्ता असेल तर तो दिवस वगळा म्हणून सांगावं, नाही ऐकलं तर दुसरा टूरवाला पाहावा. करकंबच्या पाच-दहा घरांनी असं केलं तर रस्ता लगेच बंद होणार नाही. पण त्या रस्त्यावरच्या गर्दीत आपण नव्हतो, एवढं तरी आपल्याला खरेपणाने म्हणता येईल.