न गेलेल्या वस्तूची चोरी

चोरी म्हणजे काय, हे लहान मुलालाही सांगता येते. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता घेणे म्हणजे चोरी. दप्तरातली पेन्सिल, परसातला पेरू, दारातली सायकल यांना ही व्याख्या चपखल बसते. कारण यांतले काहीही उचलले की मालकाकडे ते उरत नाही, आणि रिकामी जागाच बोभाटा करते. परंतु कविता, कादंबरी, गाणे यांची गोष्ट निराळी. माझी कादंबरी तुम्ही उतरवून घेतलीत, तरी ती माझ्याकडे जशीच्या तशी राहते. मग गेले काय आणि चोरी झाली कशाची? स्वामित्वहक्काच्या साऱ्या वादाचे मूळ या प्रश्नात आहे, असे मला वाटते.

या चोरीचे प्रकार दोन. पहिला नावाचा, आणि तो आपल्याकडे फार जुना आहे. तुकोबांच्या काळी सालोमालो नावाचा कोणी कीर्तनकार त्यांच्या अभंगांतले 'तुका' काढून तेथे आपले नाव घालीत असे, अशी हकिकत परंपरेने सांगतात. गाथेत त्याच्याविषयी तुकोबांचे अभंगही आहेत. ज्याने आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली म्हणतात, त्यालाही ही गोष्ट झोंबली. अर्थात हे दुःख पैशाचे नव्हते. जे आपण सोसून लिहिले, ते न सोसणाऱ्याने आपले म्हणून मिरवावे, याचे ते दुःख होते.

दुसरा प्रकार वाट्याचा. यात लेखकाचे नाव राखले जाते, मात्र त्याची परवानगी कोणी विचारीत नाही. मौज अशी की, हा प्रकार पुष्कळदा सज्जनांच्या हातून घडतो. मागे मला एका वाचकाचे पत्र आले. माझी कादंबरी वाचून त्यांच्या आईच्या डोळ्यांना पाणी आले होते. म्हणून त्यांनी सबंध पुस्तक स्कॅन करून आपल्या तीन व्हॉट्सॲप गटांवर पाठवले होते. आता शेकडो माणसे तुम्हाला वाचतील, असे त्यांनी मोठ्या आनंदाने कळवले होते. त्या पत्रातले प्रेम खोटे नव्हते. अशा माणसाला चोर म्हणायला जीभ रेटत नाही. परंतु शाळा सुटल्यानंतरच्या चार वर्षांच्या रात्री जिच्यावर घालवल्या, त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायला माझा प्रकाशक धजत नव्हता, आणि ते पत्र त्याच आठवड्यात आले होते.

ते गृहस्थ म्हणतील, पुस्तके तर आपण एकमेकांना देतच आलो. खरे आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून एकेक अंक चार-चार बिऱ्हाडांतून फिरत आला आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. उसना देणारा तेवढे दिवस आपल्या अंकाला मुकतो, शिवाय तो परत येईल की नाही ही धास्ती बाळगतो. त्याच्या औदार्याला काही किंमत पडते. मोबाइलवरून प्रत पाठवणाऱ्याच्या हातून मात्र काहीच जात नाही. देणाऱ्याचे गेले नाही, मालकाचे गेलेले दिसत नाही, घेणाऱ्याला तर मिळाले. मग मनाला टोचणी लागावी कशी? खरोखर जातो तो विकल्या जाणाऱ्या प्रतीवरचा लेखकाचा वाटा आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याचा त्याचा अधिकार. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे आपल्याला हसण्यासारखे वाटते. लेखकाच्या घरावर ते आपण रोज ठेवतो.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. कायद्याचा मी पंडित नव्हे. परंतु वाचून पाहिला तेव्हा कायदा मला समंजस वाटला. १९५७ चा हा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. तो कल्पनेवर कोणाची मालकी मानीत नाही, मांडणीवर मानतो. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच सांगितले. शाळेतल्या मुलांनी पालकांपुढे केलेले नाटक, परीक्षणासाठी घेतलेला उतारा, स्वतःच्या अभ्यासासाठी टिपलेला मजकूर यांना तो आडवा येत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो दार सताड उघडतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. २०१० साल संपले आणि 'श्यामची आई' सर्वांची झाली. ही मुदत १९९२ पर्यंत पन्नास वर्षांची होती. साठ फार होतात असे कोणी म्हटले, तर मी भांडायला जाणार नाही. मात्र "मी कुठे विकले?" ही सबब पुरत नाही. धंद्यातल्या नफ्यासाठी केले नसेल तर न्यायालयाला शिक्षा कमी करता येते. गुन्हा पुसला जात नाही.

आणि पुस्तक बाजारात मिळतच नसेल तर? हा प्रश्न अवघड आहे. खेड्यातल्या एखाद्या मुलीला जुनी कादंबरी हवी असते आणि दुकानदार हात वर करतो. तिला उपदेश करण्यात अर्थ नाही. तिने विचारावे, एवढेच मी म्हणेन. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकाच्या पहिल्या पानांतच असतो, आणि आपले पुस्तक कोणी वाचू नये असे वाटणारा लेखक मला तरी अजून भेटलेला नाही. मुलाच्या त्या व्याख्येत वस्तू कोणाकडे उरली याचा उल्लेखही नाही. तिचा सारा भार 'न विचारता' या दोन शब्दांवर आहे.

त्या गृहस्थांजवळ माझा पत्ता होता. तेच पत्र त्यांनी आठ दिवस आधी टाकले असते, तर पहिली दोन प्रकरणे खुशाल पाठवा, असे मी उलट टपाली कळवले असते. आणि पुढचे वाचण्याची ज्यांना उत्सुकता लागेल त्यांच्यासाठी खाली प्रकाशकाचा पत्ता लिहिला असता.