आडोसा

तौक्ते येणार, असं मोबाईलवर वाजायला लागलं तेव्हा निसर्ग वादळात पडलेल्या माडांचे ओंडके आमच्या वाडीत अजून तसेच होते. ३ जून २०२० ला पहिलं वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं. त्याला वर्ष व्हायच्या आत, २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर, हे दुसरं.

वादळाच्या आधी वाडीवाल्याने करायचं तरी काय? तयार नारळ उतरवायचे. वाळक्या झावळ्या तोडून माडाच्या डोक्यावरचा भार कमी करायचा. केळीला टेकू द्यायचे, राहिलेले आंबे काढून आढी लावायची, पाणी जायचे चर मोकळे करायचे, विहिरीवरचा पंप घरात आणायचा. पोफळीला मात्र काहीच करता येत नाही. वीतभरसुद्धा जाड नाही आणि उंची चाळीस-पन्नास फूट. तिला बांधणार कशाला? शेजारच्या पोफळीलाच! आमचा पाडेली त्या दिवशी तासाभरात मोकळा झाला. म्हणाला, "काका, माड राहिलेत किती, वेळ लागायला?"

हात रिकामे झाले की माणसं आठवणी काढत बसतात. कुणी २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान काढलं, कुणी आजीकडून ऐकलेलं, साल माहीत नसलेलं वादळ. पण त्या संध्याकाळी गडग्यावर बसून सगळे बघत होते ते एकाच बाजूला, अण्णांच्या वाडीकडे.

अण्णांची वाडी समुद्राच्या अंगाला, माझी तिच्या मागे, आणि माझ्या मागे डोंगराकडच्या बाजूला काकींची सहा गुंठे. जुन्या लोकांनी लागवड करताना समुद्राकडे पैसे देणारं झाड लावलंच नाही. आधी केवड्याचं बन, मग उंडी, मग आंबा-फणसाची जुनी दांडगी झाडं, त्याच्या आत माड, आणि अगदी पोटात पोफळी, तिच्यावर मिरवेल, खाली जायफळ. उंडीच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला चालायचं, होडीला चोपडायचे. आता तिला कोण विचारतो? पण खारा वारा पहिला तिच्या अंगावर यायचा.

निसर्गमध्ये अण्णांची अर्धी उंडी आणि दोन आंबे मुळासकट गेले. पुढच्या हिवाळ्यात अण्णांनी राहिलेल्यातला मोठा पट्टा साफ केला. तिथे पर्यटकांसाठी चार खोल्या काढायच्या ठरल्या. माझ्या पोफळी उघड्या पडल्या.

आता प्रश्न असा, की मला बोलायचा हक्क होता का?

कायद्याने विचाराल तर नाही. १८८२ चा ईझमेंट अ‍ॅक्ट आहे. वीस वर्षं बिनतक्रार मिळत आलेला उजेड आणि वारा घराला मिळत राहावा, असा हक्क त्यात सांगितला आहे. मोकळ्या जमिनीला तेवढाही नाही. आणि वारा *अडवून* मिळण्याचा हक्क तर कुठेच नाही. सातबाऱ्यावर विहीर लागते, झाड लागतं, बोजा चढतो. आडोसा चढत नाही. नुकसानभरपाईतही तो नव्हता. निसर्गनंतर फळबागांना हेक्टरी ५० हजारांची मदत जाहीर झाली. आमच्याकडे हेक्टर कोणाकडे आहे? आम्ही गुंठे मोजणारी माणसं. गुंठ्याला पाचशे रुपये पडले, आणि गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी असतात. पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. हे गणित सगळ्या पेपरांत आलं. पण जी उंडी पडली आणि पडताना मागच्या शंभर पोफळी वाचवून गेली, तिची किंमत काय लावायची, हे कुणी विचारलं नाही. पंचनाम्यात ती किरकोळ झाड.

कायदा नाही म्हणजे देणंही नाही, असं मात्र मला वाटत नाही. पन्नास वर्षं ज्याच्या सावलीत आपलं पीक आलं, त्याचं काहीतरी आपल्याकडे निघतंच. गंमत अशी की आम्ही सगळे ते उलटं मोजत होतो. अण्णा आमचं देणं लागतात, त्यांनी झाडं राखायला हवीत! मी एकदा तसं सुचवून बघितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "तुझ्या सुपारीला आडोसा म्हणून मी बसू होय रे किनाऱ्यावर? माझी सुपारी गेली. पोराला महिन्याला काय देऊ, उंडीची फळं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण निसर्गच्या दिवसाची एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली आहे. आपण वादळ समुद्राकडून येतं म्हणतो. वादळ येतं समुद्राकडून, वारा नाही. त्या सकाळी वारा सुटला तो डोंगराकडून, मतलई असतो त्या अंगाने. पहिला तडाखा बसला काकींच्या फणसांना, मग माझ्या वाडीला. अण्णांची वाडी तेव्हा सगळ्यात मागे होती. दुपारी थोडा वेळ वारा पडल्यासारखा झाला, माणसं दारात आली, आणि मग तो फिरला. ताशी ११० ते १२० किलोमीटरने आलेलं ते वादळ, आता समुद्राकडून दाबायला लागलं. सकाळभर हलून मुळं सैल झालेली झाडं तेव्हा आडवी झाली. म्हणजे दोन प्रहर काकी आणि मी अण्णांचा आडोसा होतो, आणि उरलेला दिवस अण्णा आमचा. वारा चक्राकार फिरतो हे शाळेत शिकलो होतो. त्यात पुढचा कोण आणि मागचा कोण, हे ठरवायला मात्र बसलो नव्हतो कधी.

काकींकडे त्या संध्याकाळी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझा तो बांधावरचा रायवळ आंबा राख हो. बाकी काय ते कर." हा आंबा मी कधी त्यांच्यासाठी ठेवला नव्हता. फळ आंबट, सावली फार, मजुरांनी दोनदा तोडायचा म्हणून विचारलं होतं.

तेव्हा अण्णांकडे हक्क मागायचं मी सोडलं, पण विषय सोडला नाही. त्यांना म्हटलं, गडग्याला लागून तुमच्या बाजूला दहा फूट पट्टा ठेवा. रोपं माझी, पाणी माझं, पहिली पाच वर्षं राखण माझी. झाडं तुमची. अण्णांनी बराच वेळ अडकित्ता चालवला. दहा फूट म्हणजे त्यांची एक खोली अरुंद होत होती. वहिनी आतून म्हणाल्या, "लोक इथे झाडं बघायलाच येतात ना?" अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं आणि सहा फुटांवर आले.

तौक्ते आमच्या समोरून, दूर समुद्रातून वर गुजरातकडे गेलं. आमच्याकडे त्याची नुसती शेपटी लागली. तरी माझ्या अकरा पोफळी मोडल्या, सगळ्या उघड्या बाजूच्या.

उंडी सावकाश वाढते. सहा फुटांत एकच ओळ बसली, सतरा रोपं. त्यातली दोन खोल्यांचं सामान आणणाऱ्या टेम्पोखाली गेली. ती अण्णांनी न सांगता परत लावली, फक्त आपल्या सोयीने हातभर इकडे.