राजधानी गेली, अजब बंगला राहिला

1 नोव्हेंबर 1956 ला नागपूरची राजधानी गेली, असं आमच्या भागात अजूनही म्हणतात. वडिलोपार्जित शेत गेल्यासारखं म्हणतात. मध्यप्रांत-वऱ्हाडची आणि 1950 नंतर जुन्या मध्य प्रदेशची ही राजधानी. त्या दिवशी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशानं भोपाळ निवडलं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातली तहसील होती. आदल्या दिवशीपर्यंत राजधानी सुमारे 130 किलोमीटरवर होती, दुसऱ्या दिवशी ती जवळपास 1000 किलोमीटरवर गेली. नदीपलीकडचं बालाघाट भोपाळच्या वाट्याला आलं, अलीकडचं गोंदिया मुंबईच्या. दोन्हीकडच्या घरांत पोवारी तीच बोलली जात राहिली, सोयरिकीही थांबल्या नाहीत. पुढे 2000 मध्ये छत्तीसगड झालं, तेव्हा आणखी एक गंमत झाली. आपल्या राज्याच्या राजधानीपेक्षा शेजारच्या राज्याची राजधानी, म्हणजे रायपूर, गोंदियाला कितीतरी जवळ आली. विदर्भ एक्स्प्रेस आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून सुटतात, एक मुंबईला आणि दुसरी कोल्हापूरला. रेल्वेच्या लेखी महाराष्ट्र इथून सुरू होतो. मंत्रालयाच्या लेखी तो इथे संपतो.

राजधानी गेल्यानं नेमकं काय जातं, याचा हिशेब आपण बहुधा नोकऱ्यांत आणि निधीत करतो. 1953 च्या नागपूर करारातही तोच हिशेब दिसतो. सरकारनं ठरावीक काळ नागपुरात यावं, वर्षातून किमान एक अधिवेशन तिथे व्हावं, उच्च न्यायालयाचं खंडपीठ असावं, नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा मिळावा. करणाऱ्यांनी तो जपून केला, यात शंका नाही. पण संग्रहालय, ग्रंथालय, नाट्यगृह यांपैकी काहीही मागावं असं तेव्हा कोणाला वाटलेलं दिसत नाही. राजधानीबरोबर फाइली जातात हे त्यांना ठाऊक होतं. एखाद्या प्रदेशाची आठवण कुठे ठेवायची हेही राजधानीच ठरवते, इकडे लक्ष गेलं नाही.

भोपाळनं ते ठरवलं. चार्ल्स कोरियांनी उभारलेलं भारत भवन 1982 मध्ये सुरू झालं. मानव संग्रहालय दिल्लीहून तिथे आलं, आणि 2013 मध्ये जनजातीय संग्रहालय उघडलं. भारत भवनासाठी चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी गावोगाव माणसं पाठवली. त्या शोधात पाटनगढचा जनगढसिंह श्याम हा परधान गोंड तरुण सापडला. परधान म्हणजे गोंडांचे भाट, बाना वाजवून कुळांच्या कथा गाणारे. जनगढनं त्या गाण्यातले देव आणि झाडं ठिपक्या-रेघांत कागदावर उतरवली. पुढे भोपाळच्या नव्या विधान भवनाच्या भिंतीही त्यानं रंगवल्या. 2001 मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्याचा मृत्यू झाला. ही कथा सरळ यशोगाथा म्हणून सांगणं मला जमत नाही. तरी एक गोष्ट मान्य करावीच लागते. राजधानीत कल्पक माणूस बसलेला असेल तर दूरच्या पाड्यावरचा तरुण विधान भवनाच्या भिंतीवर पोचतो, आणि आज ‘गोंड चित्रकला’ म्हणून जे जगाला माहीत आहे ते त्या एका निर्णयातून आलेलं आहे. गोंडांची मोठी वस्ती आमच्या सालेकसा-देवरीतही आहे, आणि नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजाच होता. पण हा निर्णय भोपाळमध्ये झाला.

मग नागपूरकडे काय राहिलं? राहिलं ते सिव्हिल लाइन्सच्या आसपास, पायी हिंडता येईल इतक्या टापूत आहे, आणि गोंदियाहून कामाला येणारा माणूस त्याच्या शेजारून रोज जातो.

अजब बंगला घ्या. 1863 मध्ये सुरू झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय. लोकांनी त्याला पहिल्यापासून अजब बंगलाच म्हटलं. तिथे गुंगेरियाच्या तांब्याच्या वस्तू आहेत. गुंगेरिया हे बालाघाट जिल्ह्यातलं गाव. 1870 मध्ये गुरं चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. तिथे खणल्यावर 424 तांब्याची हत्यारं आणि चांदीचे 102 पातळ पत्रे निघाले. भारतात एका जागी सापडलेल्या सर्वांत मोठ्या ताम्रनिधींपैकी हा एक. मग त्याची वाटणी झाली. काही वस्तू नागपूरला राहिल्या, काही कोलकात्याला गेल्या, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. जिल्ह्याला काय मिळालं, तर पुस्तकात गावाचं नाव. साम्राज्याची राजधानी, देशाची राजधानी, प्रांताची राजधानी अशा पायऱ्यांनी वस्तू वर चढत गेल्या. त्या जपल्या गेल्या हेही खरंच. गावात राहिल्या असत्या तर तांबं कधीच वितळलं असतं.

वस्तू वर जातात ही काही फक्त इंग्रजांची रीत नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा जन्म पाहण्यासारखा आहे. 1947-48 च्या हिवाळ्यात लंडनला भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी देशभरातल्या संग्रहालयांनी आपापल्या उत्तम वस्तू उसन्या दिल्या. त्या परतल्यावर आपापल्या गावी पाठवण्याआधी दिल्लीत दाखवाव्यात असं ठरलं. आजच्या राष्ट्रपती भवनात त्या मांडल्या गेल्या आणि त्याच प्रदर्शनातून 1949 मध्ये राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं.

वस्तूंसारख्या कथाही राजधानीत जातात. अजब बंगल्याच्या स्थापनेच्याच वर्षी स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नदीत बुडून गेले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांनी जमवलेली टिपणं मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. त्यात परधानांकडून ऐकून उतरवलेली लिंगोची गाथा आहे. गोंडांच्या पूर्वजांना एका गुहेत कोंडलं जातं, दारावर प्रचंड शिळा ठेवली जाते आणि लिंगो त्यांना सोडवतो, ही ती गाथा. ती गुहा म्हणजे सालेकसा तालुक्यातलं कचारगड, असं गोंड समाज मानतो. म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या डोंगराची कथा दीडशे वर्षांपूर्वी राजधानीत छापली गेली, रोमन लिपीत आणि इंग्रजी भाषांतरासह. ज्यांची कथा त्यांच्या हाती ती पडायला शतक उलटावं लागलं.

ती त्यांच्या हाती देणाऱ्यांपैकी एक माणूस याच टापूत नोकरी करत होता. डॉ. मोतीराम कंगाली नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत अधिकारी होते. दिवसा देशाच्या चलनाचं काम, आणि उरलेल्या वेळात गोंडी भाषा, देवस्थानं, शब्द, लिपी यांचा अभ्यास. 1980 च्या दशकात ते, ‘गोंडवाना दर्शन’चे संपादक सुन्हेरसिंह ताराम आणि त्यांचे मोजके सोबती माघ पौर्णिमेला कचारगडला जाऊ लागले. मूठभर माणसांची ती वारी आज लाखोंची यात्रा झाली आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा इथून माणसं दरेकसा स्टेशनवर उतरतात, धनेगावातून चढू लागतात, सप्तरंगी झेंडे हातात आणि ‘जय सेवा’चा घोष. गोंडांची राज्यं गढा-मंडला, देवगड, खेरला, चांदा अशी विखुरलेली होती, आणि एकेक करून ती सगळी बुडाली. आज या समाजाला एकत्र येण्यासाठी जी जागा आहे ती गोंदिया जिल्ह्यातल्या एका गुहेत आहे. सहा-सात राज्यांतली माणसं स्वतःच्या खर्चानं, एका तिथीला, कोणाच्याही निमंत्रणाशिवाय जिथे जमतात तिला राष्ट्रीय संस्था का म्हणू नये? तिला घटना नाही, अध्यक्ष नाही, अनुदानाचं शीर्ष नाही. पण संस्थेनं जे करायचं असतं ते ती करते. तरुणांना आपलं कूळ, आपली भाषा, आपली माणसं यांची ओळख तिथे होते आणि पुस्तकंही तिथेच विकली जातात.

असं म्हणून मी इमारतींना कमी लेखत नाही. गुहेत पुस्तकं टिकत नाहीत. कंगालींसारख्यांचं काम एकेका माणसाच्या पगारावर आणि आयुष्यावर उभं राहिलं. 2015 मध्ये ते गेले. अशा वेळी अकादमी हवी असते. आपल्या अकादम्या 1953-54 मध्ये दिल्लीत एकामागून एक स्थापन झाल्या. साहित्य अकादमी आज 24 भाषा मानते. गोंडी त्यांत नाही, आणि ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाही. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे जवळपास 30 लाख आहेत आणि संस्कृत सांगणारे 25 हजारांच्या आत. संस्कृतचा मान काढून घ्या असं कोणी म्हणणार नाही. पण 30 लाखांची भाषा एका राज्यात बहुसंख्य नाही आणि सहा राज्यांत वाटली गेली आहे, म्हणून तिला राजधानी नाही, आणि राजधानी नाही म्हणून अकादमी नाही, हा हिशेब तरी उघडपणे मांडला जावा. 2003 मध्ये बोडो आणि संथाळी अनुसूचीत आल्या. त्यांच्यामागे संघटित चळवळी होत्या आणि ज्यांना तो आवाज ऐकावा लागला अशी राज्य सरकारं होती.

आता त्याच टापूतल्या आणखी एका जागेकडे यावं लागतं. 23 नोव्हेंबर 1994. हिवाळी अधिवेशन सुरू होतं आणि गोवारी समाजाचा मोर्चा विधान भवनाकडे निघाला होता. आदिवासींच्या सवलती मिळाव्यात, एवढी मागणी. मोर्चा अडवला गेला, चेंगराचेंगरी झाली, 114 माणसं मेली. त्यांत बाया होत्या, लेकरं होती. मागणीचं पुढे असं झालं: 2018 मध्ये नागपूर खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. आज झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. विदर्भातून, भंडारा-गोंदियातूनही, माणसं दरवर्षी 23 नोव्हेंबरला तिथे येतात. गोवारी म्हणजे परंपरेनं गुराखी. गुराख्यांनी शोधलेलं तांबं अजब बंगल्यात काचेआड आहे, आणि गुराख्यांचं स्मारक तिथून थोड्याच अंतरावर, वाहनांच्या गर्दीत. नागपूरच्या पर्यटनाच्या पत्रकात पहिल्याचं नाव असतं, दुसऱ्याचं शोधावं लागतं. शाळेच्या सहली मात्र दोन्ही ठिकाणी जायला हव्यात. राजधानी म्हणजे काय, हे मुलांना दुसऱ्या ठिकाणी जास्त कळेल.

आणि दीक्षाभूमी. राजधानी जाण्याच्या अठरा दिवस आधी, 14 ऑक्टोबर 1956 ला, डॉ. आंबेडकरांनी इथे लाखोंच्या साक्षीनं धम्मदीक्षा घेतली आणि दिली. तेव्हा तिथे मोकळं मैदान होतं. स्तूपाचं बांधकाम 1978 मध्ये सुरू झालं आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते 2001 मध्ये तो खुला झाला. मधली चार-साडेचार दशकं लोक दसऱ्याला येतच राहिले. इमारत नंतर आली. त्या 1956 च्या शरदात नागपूरला जे मिळालं ते नोव्हेंबरमध्ये गेलेल्यापेक्षा मोठं होतं, असं मला वाटतं. दसऱ्याच्या सुमारास गोंदियाहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसून पाहा, राजधानी कुठे आहे ते विचारावं लागत नाही.

शेवटी दिवाळीचा अंक आहे, तर मंडईचं बोलू. भाऊबीजेपासून आमच्या गावागावांत मंडई भरतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. ही झाडीपट्टीची रंगभूमी: गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर. तिची पेढी वडशाला. दिवाळी ते होळी मंडळ्या गावोगाव फिरतात. रात्री पडदा उघडतो, उजाडेपर्यंत प्रेक्षक हलत नाही, आणि प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो. राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 पासून दिल्लीत आहे आणि त्यानं मोठे नट दिले. पण तिकिटाच्या पैशावर रात्रभर नाटक चालवण्याचा धडा त्याच्याकडे नाही, तो वडशाला आहे. 2023 मध्ये झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती बरी गोष्ट झाली. संहितांचं मात्र काय? त्या बहुतेक हस्तलिखित वह्यांत असतात, आणि मंडळी मोडली की वह्याही जातात. दक्षिण-मध्य सांस्कृतिक केंद्र 1986 पासून नागपुरात आहे. त्यानं एक खोली आणि एक स्कॅनर एवढ्यासाठी दिला तरी पुरे.

हिवाळी अधिवेशनात सगळं मंत्रिमंडळ नागपुरात मुक्कामाला असतं. संध्याकाळनंतर त्यांना फारसं काम नसतं, असं ऐकतो. एखाद्या रात्री त्यांना झाडीपट्टीचं नाटक दाखवावं, शक्यतो गावातच नेऊन, तिकीट काढायला लावून. अडचण एकच आहे. डिसेंबरच्या तारखा गावांनी दिवाळीच्या आधीच घेऊन ठेवलेल्या असतात, त्यामुळे सरकारला वडशाला माणूस लवकर पाठवावा लागेल.